चैतातला झरा

येरगुड्याच्या बायांनी झऱ्यापाशी एक गोल गोटा मांडला होता. त्याला हळद लावली होती, वर चिमूटभर तांदूळ ठेवले होते. गोट्याच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहत होतं. धार जाड नव्हती, पण सलग होती, आणि ती खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्यातून येत होती.

“पाह्य दिव्यानीबाई,” बुधरी म्हणाली. “चैत लागला. गावच्या विहिरीत गाळ दिसून राह्यला. अन् इथी झरा फुटला. कालपासून आमी इथूनच पानी नेऊन राह्यलो.”

बुधरीचं मोहाचं झाड झऱ्याच्या अगदी लगत होतं. पायथ्याच्या कडेने मोहाची रांगच होती, आणि कोणतं झाड कोणत्या घराचं हे गुड्यात, त्या गोंड वस्तीत, सगळ्यांना माहीत होतं. फुलं गळायचे दिवस होते. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी केली होती, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुलं पडत होती. बाया उजाडायच्या आधी येत आणि ऊन चढेपर्यंत वेचत.

दिव्यानी भोयर खाणीची पर्यावरण अधिकारी होती. ती उकिडवी बसली, पिशवीतून पेनाएवढं मीटर काढलं आणि त्याचं टोक धारेत धरलं. पाण्यात क्षार किती आहेत ते त्यावर दिसे. आकडा स्थिर झाला. तिने मीटर पुसून पुन्हा धरलं. तोच आकडा.

तो तिच्या ओळखीचा होता, खारट पाण्याचा, पण घातक नव्हे. येरगुड्याच्या विहिरीचा आकडा याच्या निम्म्याहून कमी यायचा. हा आकडा खाणीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याचा होता, आणि त्याच पाण्याने खाणीचा टँकर भरत. म्हणजे हे पाणी जमिनीतून वर आलेलं नव्हतं. ते ढिगाऱ्याच्या माथ्यावरून आत शिरलं होतं, त्याच्या पोटातून वाट काढत खाली उतरलं होतं आणि इथे बाहेर पडलं होतं.

“गोड आहे ना?” बुधरीने विचारलं.

“पिऊन पाह्यलं तुमी?”

“मंग काय नुसतं पाहात बसू? जरासं खारवट आहे. पन थंड आहे.”

दिव्यानीने मान वर करून ढिगाऱ्याकडे पाहिलं. कोळसा काढायचा तर त्याच्या वरची माती आधी काढावी लागते, आणि ती कुठेतरी टाकावी लागते. सगळ्यात वरची काळी माती सगळ्यात आधी निघते. ती वेगळी साठवावी असं परवान्यात लिहिलेलं होतं, पण वेगळी जागा कोणी ठेवली नव्हती, म्हणून तीच आधी इथे पसरली गेली. तिच्यावर मुरूम, दगड, पुन्हा मुरूम, असे थर चढत गेले. आता सबंध डोंगर त्या काळ्या मातीवर उभा होता. कोरडी असते तेव्हा ती दगडासारखी असते. ओली झाली की साबणासारखी. दिव्यानी धानोऱ्याकडच्या शेतकरी घरातली. ओल्या बांधावरून पाय कसा निसटतो हे तिला विज्ञान शिकायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

पाणी बाहेर आलं होतं, म्हणजे ते त्या मातीपर्यंत पोचलं होतं.

“बुधरीबाई, हे झाड पहिल्यापासून असंच वाकडं होतं का?”

“म्हातारं झालं थे,” बुधरी हसली. “मीबी वाकली ना. मले नाई विचारलं कोनी.”

दिव्यानीने शेजारचं झाड पाहिलं, मग त्याच्या शेजारचं. सगळी गावाकडे कलली होती, आणि सगळी सारखीच.

गेल्या पावसाळ्यात या ढिगाऱ्यावरचा गाळ नाल्यात उतरला होता, आणि नाल्यातून लोकांच्या धानाच्या बांध्यांत गेला होता. प्रदूषण मंडळाची माणसं आली, दंड झाला, आदेश निघाला. पायथ्याशी दगडी भिंत बांधा, भोवताली पाणी वळवायला चर खणा, उतारावर झाडं लावा. भिंतीला वर्ष गेलं असतं. चर खणायला ट्रकांचा रस्ता तोडावा लागला असता. झाडं लगेच लागतात आणि फोटोत दिसतात. म्हणून माघ महिन्यात, जेव्हा कोणी शहाणा माणूस झाड लावत नाही तेव्हा, उतारावर करंज आणि बांबूची रोपं लागली. प्रत्येक रोपाभोवती पाणी धरून ठेवायला आळं केलं. आणि ती चैत्राच्या उन्हात तग धरावीत म्हणून टँकर सुरू झाले. गुरुवारी मंडळाची पाहणी होती. रोपं वाळलेली दिसली तर कंपनीने बँकेत ठेवलेली हमी जप्त झाली असती आणि खाणीला टाळं लागलं असतं.

दिव्यानी ट्रकांच्या रस्त्याने वर चढली. मधल्या टप्प्यावर ती थांबली. रोपं लावली तेव्हा ती स्वतः हजर होती; दोरी ताणून रांगा आखल्या होत्या. आता मधली रांग सरळ नव्हती. दोन्ही टोकांना ती जागच्या जागी होती आणि मधोमध पुढे आली होती, पोट फुगल्यासारखी. रोपं तर हिरवीगार होती.

रोपं चालत नाहीत. खालची जमीन चालली होती.

माथ्यावर जिशान टँकरचा पाइप धरून उभा होता. गडचांदूरचा पोरगेलासा ड्रायव्हर, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच्या मागे बाभळीच्या काट्या जमिनीवर ओळीने टाकलेल्या होत्या.

“मॅडम, तिकडे नका जाऊ,” तो म्हणाला. “चाक जाऊ नये म्हनून काट्या टाकल्या मीनं.”

काट्यांखाली भेग होती. ती ढिगाऱ्याच्या कडेला समांतर जात दोन्हीकडे नजरेआड झाली होती.

“कधीपासून आहे ही?”

“पाडवा झाला तवापासून. पयले बोट जात होतं. आता हात जाते.” जिशानने पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. “एक सांगू का? रागावू नका. परवा पाइप सटकला हातातून, अन् पानी त्या भेगीत गेलं. पूरा टँकर पिऊन गेली, मॅडम. वर थेंब नाई आला.”

दिव्यानीने एक खडा उचलून भेगेत सोडला आणि कान दिला. खडा कडेला लागल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा, अगदी बारीक. तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

“पानी बंद कर, जिशान.”

“मी आता बंद करतो. पन साहेबाले तुमी सांगा. मी सांगतलं तर थे मलेच बंद करतील.”

व्यवस्थापक बोरकुटे साहेबांनी तिला दारातच “या, झरेवाल्या बाई” म्हणून हाक मारली. त्यांच्या फोनवर झऱ्याचा फोटो आधीच पोचला होता. त्यात बुधरी घागर भरताना दिसत होती.

“फार छान आहे हा फोटो,” ते म्हणाले. “मंडळाला द्यायच्या उत्तरात लाव. खाली लिही, वृक्षलागवडीमुळे भूजल पुनर्भरण. गुरुवारी त्यांना तिथेच नेऊ. बायका असू देत, हळदीचा दगड असू दे. एकदम नैसर्गिक.”

“साहेब, ते भूजल नाही. आपल्या टँकरचं पाणी आहे, मी मोजलंय. माथ्यावर भेग पडली आहे. मधला टप्पा पुढे आलाय, पायथ्याची झाडं कलली आहेत. ढिगारा सुटतोय.”

“पाऊस कुठे आहे?”

“पावसाची गरज नाही. पाणी आपण घालतोय.”

बोरकुट्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. “दिव्यानी, माझं अर्धं आयुष्य खाणीत गेलंय. ढिगारे पावसाळ्यात घसरतात. ढिगाऱ्याच्या तपासणीच्या अहवालातही तेच आहे, पावसाळ्यात लक्ष ठेवा. चैत्रात ढिगारा घसरेल असं मी वर कळवलं तर काय म्हणतील? बोरकुट्याला ऊन लागलं.”

“खाली बाया असतात. मोहाचा हंगाम आहे, रोज पहाटे येतात.”

“गुरुवारपर्यंत धीर धर. पाहणी झाली की टँकर बंद.”

“आणि भिंत?”

“भिंतीचं पुढच्या वर्षी पाहू. तोवर आणखी एक दंड येईल, तो भरू.” त्यांनी कप तिच्याकडे सरकवला. “दंड म्हणजे टोलनाका असतो गं. थांबायचं, भरायचं, पुढे जायचं. नाक्यावर कोणी गाडी दुरुस्त करत बसत नाही.”

बाहेर येऊन तिने मंडळाच्या कार्यालयात फोन लावला. साहेब दौऱ्यावर आहेत, असं तिकडून कोणीतरी नम्रपणे सांगितलं. गुरुवारी ते तुमच्याकडे येणारच आहेत, तेव्हा समक्षच बोला.

ऊन उतरल्यावर ती येरगुड्यात गेली. बुधरीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडे भरला होता. चारपाच बाया बसल्या होत्या. दिव्यानीने त्यांना जे पाहिलं ते सगळं सांगितलं. भेग, फुगलेली रांग, कललेली झाडं, आतली ओली काळी माती. सोपं करून, हाताने दाखवून सांगितलं. पायथ्याशी जाऊ नका, मोह वेचायलाही नका.

“डोंगर का बैल आहे का,” एकीने विचारलं, “दावं तोडून यायले?”

बाया हसल्या.

“अन् पावसात नाई आला, तर उन्हात येईल का?” बुधरी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, शंका होती. “मोहाचे दिवस असतात किती, बाई? आमी नाई गेलो तर माकडं खातीन. मंग वर्षभर कंपनी देईल का आमाले?”

तेवढ्यात बुधरीची नात घागरीत पेला बुडवून पाणी प्यायला लागली. दिव्यानीने ते पाहिलं. उद्या पहाटे ही मुलगीसुद्धा आजीबरोबर झाडाखाली असेल. गुरुवारी फोटोसाठी सगळं गाव झऱ्याशी उभं केलं जाईल.

“ते पानी खराब आहे,” ती म्हणाली.

बाया तिच्याकडे वळल्या.

“मशिनीत आलं. सकाळी पाह्यलं ना तुमी, मी मशीन लावली होती? लेकराइले बिलकुल देऊ नका. त्या झऱ्यापाशी फिरकूच नका.”

आजवर तिने न पाहिलेला आकडा कधी कोणाला सांगितला नव्हता. आताही आकडा सांगितला नाही. नुसतं खराब म्हटलं, आणि तेवढं पुरलं. बुधरीने नातीच्या हातातून पेला हिसकला. मग घागर उचलून अंगणाबाहेर पालथी केली. एक बाई धावतच आपल्या घराकडे गेली.

“दोन दिवसांपासून पाजून राह्यलो आमी,” बुधरी म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “काही होईल का हिले?”

“नाई होनार. थोडंच पेलं. पन आता नको.” आणि मग, “मोहही नका वेचू तिथला.”

“फूल तर वरून पडते, बाई,” बुधरी पुटपुटली. “त्याले कुठी पानी लागते.”

म्हणजे बायांचा झरा सुटला होता, झाड सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचायच्या आधीच तिला बोरकुट्यांचा फोन आला. येरगुड्यातल्या कोणीतरी झऱ्याचा व्हिडिओ फिरवला होता, कंपनीचं विषारी पाणी म्हणून.

“तू काही आकडा घेतला होतास?”

“घेतला होता.”

“कुठे लिहिलायस का?”

“नाही.”

“शाबास. मला सांगू पण नकोस. आकडा असला की कोणीतरी तो मागतो.” मग त्यांनी विषय बदलला. “आज तू चंद्रपूरला जा. हवेचे फिल्टर प्रयोगशाळेत द्यायचेत ना? तेवढं उरकून ये.”

फिल्टर द्यायची घाई नव्हती. तिला ते कळत होतं, पण टँकरबद्दल विचारायला तिने तोंड उघडलं तोवर फोन बंद झाला होता. ती गेली, आणि परतली तेव्हा उन्हं कलली होती.

झरा नव्हता. जिथे तो होता तिथे चिकणमाती आणि मुरमाचा उंचवटा होता, डोझरने लोटलेला, वर रोलर फिरवून घट्ट केलेला. कडेने चुना लावलेले पांढरे दगड मांडले होते. मधोमध तो हळदीचा गोटा होता, पुसून स्वच्छ करून ठेवलेला.

“देवाला हात लावला नाही,” बोरकुटे म्हणाले. ते स्वतः काम पाहायला आले होते. “उलट उंचावर बसवला. झरा नाही म्हणजे नमुना नाही, नमुना नाही म्हणजे दंड नाही. आणि फोटोही आता आपल्याला नको.”

“साहेब, त्या पाण्याला बाहेर पडायला तेवढी एकच वाट होती.”

“मग दुसरी शोधेल. पाणी हुशार असतं.”

वर टँकर चालूच होता. त्याच्या इंजिनाची घरघर खालपर्यंत येत होती. दिव्यानी त्या घट्ट मातीकडे पाहत राहिली. लोकांना इथून लांब ठेवायला ती खोटं बोलली होती, आणि कंपनीने ते खोटं खरं मानून, प्रत्येक गोष्ट हाताळतात तसं हाताळलं होतं. झाकून टाकलं होतं. पाणी मात्र वरून येतच होतं. आता ते आत चढत जाणार होतं, काळ्या मातीपासून वर, आणि वरचा डोंगर आतून उचलला जाणार होता, थोडाथोडा. बाहेरून काहीही न दिसता.

गुरुवारला मध्ये अजून एक दिवस होता.

पहाटे ती स्कुटीवरून निघाली तेव्हा झुंजूमुंजू व्हायचं होतं. येरगुड्याच्या अलीकडेच धुराचा वास आला. मोहांखाली पाचोळ्याच्या लहान लहान आगी दिसत होत्या आणि त्यांच्यामधून बाया वाकून फिरत होत्या. टोपल्या निम्म्याहून भरल्या होत्या. बुधरीची नात एका मुळावर बसून फुलं निवडत होती.

दिव्यानी आधी उंचवट्याकडे गेली. चुन्याचे काही दगड खाली गडगडले होते. रोलरने सपाट केलेली माती मध्ये वर आली होती, आणि तिच्यावर बारीक भेगांचं जाळं पडलं होतं. भेगा ओल्या होत्या. हळदीचा गोटा एका बाजूला कलला होता. तिने हात टेकला. माती थंड होती. आत बारीक थरथर होती.

मग ती बुधरीच्या झाडाखाली आली आणि एक फांदी तिच्या खांद्याला लागली. परवा ती फांदी डोक्याच्या वर होती.

पायाखाली कुठेतरी काहीतरी तुटलं. वाळका बांबू मोडावा तसा आवाज, पण जमिनीच्या आतून.

“आल्यापासून वाजून राह्यलं थे,” बुधरी म्हणाली. “उंदरं असतीन नाईतर घुशी.”

“बुधरीबाई, चाला इथून. सगळ्याइले घेऊन. टोपल्या राहू द्या.”

“पुन्हा सुरू झालं का तुझं? झऱ्याले कोनी हात नाई लावला. साहेबानं बुजवला ना आता?”

“पानी चांगलं होतं.”

बुधरी सरळ झाली. हातातली फुलं तशीच राहिली.

“काय म्हनली?”

“पानी चांगलं होतं. खराब नव्हतं. मशिनीत तसं काहीच नाई आलं. मी खोटं बोलली तुमच्याशी.”

आता बुधरी ओरडेल, असं तिला वाटलं. नातीला पाजलेल्या पाण्याची भीती घेऊन ती बाई रात्रभर जागी राहिली असणार. तिला ओरडायचा हक्क होता. पण बुधरी नुसती तिच्याकडे पाहत होती, एखादं ढोर बिमार आहे की नाही हे पाहावं तसं, डोळ्यांत, मग तोंडाकडे, मग हातांकडे.

“काऊन बोलली?”

“तुमी इथी येऊ नये म्हनून. डोंगराचं सांगतलं तर हसल्या सगळ्या.”

“तू तर विहिरीचं पानी दोनदा मोजतं,” बुधरी सावकाश म्हणाली. “एकदा मोजून तुले खरं वाटत नाई. आमी मागून हसतो तुले.” तिने फुलं खाली टाकली. “तू खोटं बोलली म्हंजे लई भेली असशील.”

दिव्यानीने मान हलवली.

बुधरी वळली. तिने नातीचा दंड धरून तिला उभं केलं आणि गोंडीत एकच हाक दिली. शब्द दिव्यानीला कळले नाहीत. झाडांखालच्या बाया ताठ झाल्या. एकीने टोपलीसाठी हात पुढे केला, तर बुधरीने टोपलीला लाथ मारली. फुलं सांडली. बाकीच्यांनी टोपल्या तिथेच टाकल्या.

“सरळ गावाकडे नाई,” दिव्यानी म्हणाली. “आडवं चाला. रस्त्याकडे, चढावर.”

ट्रकांचा रस्ता ढिगाऱ्याला लागायच्या आधी मूळ जमिनीवरून चढत होता; त्या तिथवर चढल्या आणि मागे पाहायला थांबल्या. पूर्वेला उजेड फुटत होता. ढिगारा नेहमीसारखाच दिसत होता. रोपं हिरवी होती. एक बाई धापा टाकत म्हणाली, “मायी नवी टोपली होती थे,” आणि दुसरीने तिला चूप म्हटलं.

मग झाडं चालायला लागली.

आधी आवाज आला नाही, निदान दिव्यानीला तरी ऐकू आला नाही. मोहांची रांग उभ्याउभ्या पुढे निघाली, खालची काळी जमीन, आगी, टोपल्या सगळं घेऊन, जणू कोणी अंथरलेली चादर ओढली. झाडं पडली नाहीत. त्यांची फुलंही तशीच गळत होती. नाल्यापर्यंत गेल्यावर ती एकावर एक लवली, आणि तेव्हा वरून मधला टप्पा सुटला. त्याचा आवाज आला, पोटात शिरणारा, लांबलेला. धूळ उठली आणि काही दिसेनासं झालं.

बुधरीने नातीचं डोकं आपल्या लुगड्यात दाबून धरलं होतं. धूळ बसेपर्यंत बायांनी एकमेकींना नावाने हाका मारल्या. प्रत्येक हाकेला ओ आली.

धूळ उतरली तेव्हा ढिगाऱ्याचा अलीकडचा भाग गेला होता. नाला भरला होता. माती येरगुड्याच्या पहिल्या घराच्या कुंपणाशी येऊन थांबली होती. आणि पलीकडचा भाग जागेवर होता, सबंध, गुड्याच्या बरोबर वर. त्याची तुटलेली बाजू सरळ कापल्यासारखी उभी होती. तिच्या तळाशी काळा, ओला पट्टा चकाकत होता. माथ्यावर हिरवी रोपं होती. खालूनसुद्धा तिला त्यांची रांग दिसत होती, आणि ती सरळ नव्हती.

फोन वाजला.

“कोणी गेलं का?” बोरकुट्यांचा आवाज कोरडा होता.

“नाही.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. तो खरा होता.

“साहेब, उरलेला भाग गुड्यावर आहे. आत्ता गाव रिकामं करायला हवं. बस पाठवा, ट्रक पाठवा, काहीही.”

“वरून परवानगी घ्यावी लागेल. मी बोलतो.” मग आवाज सावरला, नेहमीसारखा झाला. “पाऊस तर नव्हता. कारण काय दाखवायचं? त्या बायका मोहाखाली आगी लावतात ना? मुळं जळली की माती सुटते. तू विज्ञानाची आहेस, नीट मांडशील. आणि ऐक, गुरुवार रद्द झालेला नाही. उरलेल्या भागावरची रोपं चांगली आहेत, ती टिकली पाहिजेत. जिशान निघालाय.”

तिने फोन खिशात ठेवला. बुधरी तिच्याकडेच पाहत होती.

“आता गुड्यातल्या लोकाइले कोनतं खोटं सांगशील?”

“आता काही सुचत नाई, बुधरीबाई.”

“मंग राहू दे. तू इथीच राह्य. त्या टँकरले वर नको जाऊ देऊ.” बुधरीने नातीला दुसरीच्या हाती दिलं आणि पदर खोचला. “मी घरोघर जातो. मले एकच सांगाचं आहे. दिव्यानीबाई खोटं बोलली होती, चाला, उठा.”

ती उतरून गुड्याकडे गेली, धावत नाही, पण भराभर. पहिल्या घराच्या दारावर तिची थाप पडलेली वरपर्यंत ऐकू आली.

वळणावरून टँकर आला. दिव्यानी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. जिशानने ब्रेक मारला, समोर पाहिलं आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं.

ते बंद झालं तेव्हा दुसरा आवाज ऐकू यायला लागला. बारीक, कोरडा, वरून. खडे घरंगळत होते. एक थांबला की दुसरा.

“मॅडम,” जिशान दबक्या आवाजात म्हणाला, “हे काय वाजून राह्यलं?”

तिने हात वर करून त्याला गप्प केलं. खाली गुड्यात दारं उघडत होती, भांडी आदळत होती, बुधरी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत एका घरून दुसऱ्या घरी जात होती. वर खडे पडत होते. दोन्ही आवाजांत कोणता जास्त घाईत आहे, ते ती रस्त्यावर उभी राहून ऐकत होती.